‘प्राणी जुळवून घेतात, बाई’ : सड्यावर झाडं लावणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सातारा-सांगलीच्या सड्यांवर (म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारांवर) आणि माळांवर दर पावसाळ्यात वृक्षारोपण करणारी मंडळं, त्यांना निधी देणारे उद्योग आणि त्या कागदांवर सही करणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या जुलैत तालुक्याच्या ठिकाणी तुमची बैठक झाली, तिला मीही होते. मागच्या रांगेत, पंख्याखाली. चहा-बिस्किटं झाल्यावर मला दोन मिनिटं मिळाली. मी म्हणाले, आमच्या गावावरच्या सड्यावर जेसीबीने खड्डे पाडलेत, दगड वेचून नेलेत, त्या दगडांखाली सरडे होते, पाली होत्या, अंडी होती, त्यांचं काय? तुमच्यातले एक जण हसून म्हणाले, “बाई, निसर्ग हुशार असतो. प्राणी जुळवून घेतात. तुम्हीच शिकवता ना हे शाळेत?” सगळे हसले. मीही हसले, कारण पटकन काही सुचलं नाही. उत्तर सुचलं ते परत येताना एसटीत. ते जरा लांबलं, म्हणून हे पत्र.

मी कोण, ते आधी सांगते. एका माध्यमिक शाळेत २६ वर्षं विज्ञान शिकवते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. माझं माहेर सड्याच्या पायथ्याला. सड्याचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी वर गाड्या लागतील. चाळकेवाडी-ठोसेघरच्या अंगाचा, जांभ्याचा, एवढं पुरे. लहानपणी आजीच्या मागे गुरं घेऊन वर जायचे. आता गेली पंधराएक वर्षं हा धडा निम्मा वर्गात शिकवते आणि निम्मा सड्यावर. तुमचे खड्डे माझ्या फळ्यावर पडलेत असं समजा.

तर, ‘जुळवून घेणं’. नवी सून सासरी जुळवून घेते. बदलून आलेला कारकून नव्या गावाशी जुळवून घेतो. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा जुळवून घेतो. यात प्रत्येक वेळी एकच जीव आपलं वागणं बदलतो आणि संध्याकाळी धडधाकट असतो. उत्क्रांतीतल्या अनुकूलनात कुठलाही एक सरडा बदलत नसतो. बदलते ती सरड्यांची अख्खी वस्ती, तीही पिढ्यान्‌पिढ्या, कोण पिल्लं मागे ठेवून गेला आणि कोण तसाच गेला या हिशेबातून. दरवर्षी उत्तरपत्रिकेत दोन-चार मुलं लिहितातच की उंचावरची पानं खायला जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली. मी गुण कापते. तुमचं वाक्य त्याच्या पुढचं आहे. त्यात जिराफाला मान ताणायलाही वेळ दिलेला नाही, एका पावसाळ्यात काय ते उरकायचं आहे.

आटपाडी-माणकडच्या खिलार पाळणाऱ्याला हे मी शिकवायला नको. त्याने बैलाला कधी सांगितलं नाही की बाबा, उंच हो, काटक हो. चांगला वळू राखला, बाकीचे खच्ची केले. त्याच्या बापाने तेच केलं, आज्याने तेच. जतकडच्या माडग्याळ मेंढीच्या बाकदार नाकाला बाजारात भाव आहे, म्हणून ते नाक टिकलं. डार्विननेही आपला मुद्दा पटवताना सुरुवात पाळीव कबुतरांपासूनच केली होती, कारण निवड म्हणजे काय हे पाळणाऱ्या माणसाला हाताने माहीत असतं. सड्यावर हे राखण्याचं आणि काढून टाकण्याचं काम ऊन, पाऊस, वारा आणि आभाळात फिरणारी कापशी घार करते. फरक इतकाच की तिथे कुणाच्या मनात नमुना नसतो.

बहात्तरचा दुष्काळ मी वडिलांच्या तोंडून ऐकलाय. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७७ साली, प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्ने मेजर नावाच्या टीचभर बेटावर असाच दुष्काळ पडला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवरा-बायको तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. बारीक, मऊ बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि कडक. बेटावरचे बहुतेक फिंच मेले. ज्यांची चोच आधीपासूनच जरा जाड होती, त्यांच्यातले जास्त वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. तुम्ही ज्याला जुळवून घेणं म्हणता ते मोजपट्टी लावून पाहिलं की असं दिसतं. मी मुलांना यातले दोनच शब्द अधोरेखित करायला सांगते: ‘आधीपासूनच’ आणि ‘बहुतेक’. जाड चोच संकट आल्यावर उगवली नाही. आणि त्या पक्ष्यांना निदान कडक का होईना, बिया तरी होत्या. इथे सरड्याच्या पायाखालचा दगडच ट्रॉलीत भरून नेला.

आता सड्याबद्दल, कारण त्या बैठकीत त्याला तीनदा ‘ओसाड’ म्हटलं गेलं.

सडावाघापूरच्या नावातच सडा आहे, तोच हा. खाली सह्याद्रीचा काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर त्याचाच झिजून, विरून, लोह मागे ठेवून झालेला तांबडा जांभा. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, बऱ्याच ठिकाणी नाहीच. जून ते सप्टेंबर एवढं पाणी की दगडाला बोट लावलं तर घसरावं, आणि मार्चनंतर तोच दगड अनवाणी पायाला चटका देतो. इथे राहणाऱ्याला एकाच वर्षात हे दोन्ही झेपायला लागतं. मातीत नत्र इतकं कमी की दवबिंदूसारखी वनस्पती किडे धरून आपली गरज भागवते. कास याच जातीचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. फुलांचे दिवस सरले की तेही तुम्हाला उघडंबोडकं दिसत असणार.

दरवर्षी मे महिन्यात मी वर्गासाठी एक गोष्ट करते. सड्यावरच्या सुकलेल्या खळग्यातली मूठभर माती कागदात बांधून आणते. जूनमध्ये शाळा उघडली की ती काचेच्या बशीत टाकायची, वरून पावसाचं पाणी ओतायचं आणि बशी खिडकीत ठेवायची. मुलांना सांगायचं, काही करू नका, फक्त बघा. पहिल्या दिवशी गढूळ पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजेडाकडे धरलं की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत पोहताना दिसतात. पोरं एकमेकांच्या डोक्यावरून वाकतात. मग काही दिवसांत ते नखाएवढे होतात, आरपार दिसणारे, उताणे पोहणारे, पानांसारखे पाय ओळीने हलवत जाणारे. इंग्रजीत त्यांना फेअरी श्रिंप म्हणतात. आपल्याकडे रूढ नाव नाही, म्हणून माझ्या पोरांनी ‘उताणी कोळंबी’ ठेवलंय. यांच्यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात सह्याद्रीच आहे: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

यांची अंडी महिनोन्‌महिने त्या तव्यासारख्या तापलेल्या खळग्यात कोरडी पडून राहतात आणि मरत नाहीत. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. पहिल्या पाण्याला सगळी अंडी फुटत नाहीत. काही फुटतात, काही पुढच्या पावसाला थांबतात, काही थेट पुढच्या वर्षाला. पहिला पाऊस दगा देतो हे माणच्या शेतकऱ्याला सांगायला नको. सगळं बी एकदाच मातीत घालून बसलेल्याच्या घरी दुबार पेरणीचं संकट येतं. ज्याने अर्धी कणगी राखली तो तगतो. अंड्याला यातलं काही ठाऊक नाही, त्याला मेंदूच नाही. ज्या माद्यांची सगळी अंडी पहिल्या सरीला फुटायची, त्यांचे वंश कुठल्या तरी फसव्या जूनमध्ये खळगा सुकल्यावर बुडाले. ज्यांची मागेपुढे फुटायची, त्यांचे राहिले. निसर्गाची हुशारी तुम्ही म्हणालात ती हीच, बुडालेल्या वंशांच्या खर्चाने आलेली.

गेल्या जूनमध्ये असे अकरा खळगे मी पोयट्याने भरलेले मोजले. प्रत्येकात एक रोप, रोपाला बांबूची काठी, काठीला देणगीदाराची पाटी.

इथून तक्रारी. ही पहिली झाली: खळगा म्हणजे तयार खड्डा समजून तुम्ही तो भरता. वर पोयट्याबरोबर गाजरगवत आणि रानमोडीचं बी फुकट येतं, ते निराळंच.

दुसरी तक्रार दगडांची. तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या उन्हात सड्यावर गुपचूप बसलं की एक नर सरडा दगडावर चढतो. वीतभरही नसतो, रंग मातीचा. पुढचे पाय ताठ करतो, छाती उचलतो आणि गळ्याखालची पिशवी उघडतो. निळी, काळी, नारिंगी. छत्री उघडमीट करावी तशी चार-सहा वेळा, मग मिटून पुन्हा मातकट. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, “बाई, ह्याने आतून पैठणी नेसलीय.” या सरड्यांचा गट वेगळा आहे हे २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि त्या प्रजातीला नाव दिलं सराडा, सरळ आपल्या सरडा या शब्दावरून. त्यातल्या एका जातीला डार्विनचं नाव आहे, सराडा डार्विनी. आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरची ती सराडा सुपर्बा.

त्या गळ्याचा हिशेब असा. रंग भडक तेवढी मादीची नजर वळणार आणि शेजारचा नर बिचकणार. पण तोच रंग वर घिरट्या घालणाऱ्या तीसा या शिकारी पक्ष्यालाही दिसणार. नेहमी उघडा ठेवला तर नर मरणार, नसलाच तर त्याला पिल्लं होणार नाहीत. या ओढाताणीतून असंख्य पिढ्यांनी जे उरलं ते हे, घडीत ठेवलेला रंग, हवा तेव्हा हवा तेवढा वेळ उघडायचा. मादीला रंग नाही, ती पाठीवर माती पांघरून असते. आणि या सगळ्याला लागतो तो एक दगड. उन्हात तापलेला, आजूबाजूच्या गवतापेक्षा थोडा वर आलेला. तिथून तो आपली हद्द बघतो, तिथेच अंग शेकतो, तिथेच गळा उघडतो.

तुम्ही ते दगड वेचून रोपांभोवती गोल आळी रचलीत आणि वरून चुना मारलात. फोटोत छान दिसतं. उरलेल्या दगडांचं जागेभोवती कुंपण घातलंत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. इथे कुंपणच नव्हतं हो, ते तुम्ही आणलंत.

दगडाच्या वर जितकं आहे त्याहून जास्त खाली आहे. सातारी पाल, हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस, २००८ साली शास्त्राला कळली. ती भिंतीवर चढणारी घरातली पाल नव्हे, जमिनीवर राहते, दिवसा दगडाखाली. कासवरून २०१४ मध्ये नोंदलेली निमास्पिस गिरी ही त्याहून मजेशीर. पाली सहसा रात्रीच्या, त्यांच्या डोळ्यातली बाहुली मांजरीसारखी उभी चीर. या गटातल्या पाली दिवसाच्या झाल्या आणि त्यांची बाहुली गोल आहे. कोयनेजवळच्या हुंबरळीतून २००४ मध्ये एक देवगांडूळ नोंदलं गेलं, त्याच्या शास्त्रीय नावात महाराष्ट्र आहे. देवगांडूळ गांडूळही नाही आणि सापही नाही, बेडकाचं चुलत भावंड आहे. पूर्वजांना पाय होते. मातीत घुसून राहणाऱ्यांना ते नडले असणार, आणि हळूहळू गेले. आमच्याकडे दिसलं की लोक सापाचं पिल्लू म्हणून ठेचतात. त्यात तुमचा दोष नाही, ते आमचं आम्ही बघू.

वरच्या वाड्यावर एक धनगरमामा आहेत, वयाने सत्तरीचे. त्यांनी माझ्याआधी हे सगळं पाहिलं होतं. म्हणाले, “बाई, सरडं, इचू, पाली, समद्यांचं घर धोंड्याखाली. धोंडाच नेला म्हंजी घरच नेलं की.” त्यांना तुमच्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.

तिसरी तक्रार वेळेची. तुमचे खड्डे मे-जूनमध्ये पडतात, म्हणजे नेमके विणीच्या दिवसांत. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारून केलेली खोलगट जागा. त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. ज्या टिटव्यांची अंडी जमिनीवर उठून दिसली ती मुंगसाने, कावळ्याने खाल्ली, म्हणून आज जी उरलीत ती दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. गेल्या वर्षी जेसीबी चालवणाऱ्या पोराला ती दिसली. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्याने मशीन थांबवलं, उतरला, अंड्यांशेजारी एक काठी रोवली आणि फोन लावला. पलीकडून त्याला सांगण्यात आलं की शनिवारपर्यंत तीनशे खड्डे व्हायला हवेत. हे मला त्यानेच सांगितलं, मान खाली घालून. आभाळ पडेल या भीतीने टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. आभाळ राहिलं जागेवर, बकेट पडलं.

चौथी तक्रार शेततळ्याची. सड्यावरचं पाणी वर्षातले काही महिनेच असतं, म्हणून तिथे मासे नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून उताणी कोळंबी आहे, बेडकांची पिल्लं आहेत. इंडिराना नावाच्या बेडकांची पिल्लं तर पाण्यात राहतच नाहीत, झिरपणाऱ्या ओल्या कातळाला चिकटून असतात, लांब शेपटीने उड्या मारतात आणि शेवाळ खरवडून खातात. घाटातल्या कुठल्याही पाझरत्या दरडीशी गाडी थांबवून बघा, सापडतील. अशा ठिकाणी तुम्ही प्लास्टिक अंथरून बारमाही तळं केलंत आणि डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. गप्पी काय खातो ते आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारा. डासाची अळी आणि बेडकाचं नुकतं फुटलेलं पिल्लू यांत तो भेद करत नाही.

पाचवी तक्रार एका शब्दाची आहे. सातबाऱ्यावर आमचा सडा ‘पोटखराब’ आहे. पेरता येत नाही म्हणून खराब, हे महसुलाच्या भाषेत ठीकच. देशाच्या ओसाड जमिनींच्या नकाशातही खडकाळ जमीन ओसाडीच्या एका प्रकारात मोडते. पण तो शेतसाऱ्याचा हिशेब आहे. तुम्ही तो उचलून जिवांवर लावलात. आणि ही चूक फक्त घाटावर होत नाही. आपल्या जिल्ह्याची गंमत बघा, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये ५०० च्या आसपास. पश्चिमेच्या जिवांना पावसाने घडवलं, पूर्वेच्यांना पावसाच्या नसण्याने. माण, आटपाडी, जतच्या माळावर धाविक नावाचा पक्षी आहे. त्याच्या पायाला मागचं बोटच नाही. फांदी धरायला लागतं ते बोट, आणि हा तर पळणारा. माळढोकालाही ते नाही, म्हणून तो झाडावर बसू शकत नाही. त्याच्या नावातच माळ आहे. अशा पक्ष्यांच्या जागेत तुम्ही ग्लिरिसिडियाच्या झाडांची रांग लावता आणि पाटीवर ‘पक्ष्यांसाठी’ असं लिहिता. कुठल्या पक्ष्यांसाठी?

तुम्ही म्हणाल, बाई, चाळकेवाडीला पवनचक्क्या आल्या तरी सरडे आहेतच की, उलट वाढलेत. बरोबर, वाढलेत. तोच अभ्यास मी वर्गात सांगते. २०१८ मध्ये मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला, आपल्याच पठारावरचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त. पण ते सरडे माणूस पार जवळ येईपर्यंत पळत नव्हते, अंगाने कमी भरलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. तुम्हाला यात ‘जुळवून घेतलं’ दिसेल. मला एवढंच दिसतं की वरून एक गोष्ट काढली तर तिचा परिणाम खाली गळ्याच्या रंगापर्यंत पोचतो. हा बदल पुढच्या पिढीत उतरणारा आहे की त्या त्या सरड्याच्या खाण्यापिण्याचा, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो सुटायलाही सड्यावर दगड शिल्लक हवेत.

गैरसमज नको. मी झाडांच्या विरोधात नाही. रुंदीकरणात रस्त्याकडेचे वड गेले तेव्हा मी रडलेली बाई आहे. ओढ्याच्या काठाला लावा, गावठाणात लावा, शाळेच्या आवारात लावा, कुऱ्हाडीने उजाड झालेल्या डोंगरउतारावर लावा. सागरेश्वरला माणसांच्या हातांनी जंगल उभं राहिलं, तसं आणखी कुठे करणार असाल तर शंभर पोरं घेऊन खड्डे खणायला मी येते. तुमच्यातले पुष्कळ जण रविवारची झोप मोडून स्वतःच्या गाडीतून रोपं आणतात, हेही मला दिसतं. म्हणूनच एवढं लांब लिहितेय. ज्यांना फक्त फोटो हवाय त्यांच्यासाठी चार ओळीही लिहिल्या नसत्या.

मागण्या साध्या आहेत. येत्या पावसाळ्याच्या यादीतून जांभ्याचे सडे आणि पूर्वेची गवताळ माळरानं वगळा. सड्यावरचा दगड हलवायचा नाही आणि खळगा भरायचा नाही, हे कंत्राटाच्या अटींत लिहा, कारण जेसीबीवाला अट वाचतो, भावना नाही. बाहेरची माती वर नेऊ नका. तळ्यात गप्पी सोडू नका. जिथे सोडलेत तिथे मे महिन्यात तळं पूर्ण आटू द्या. मार्च ते सप्टेंबर सड्यावर कुठलंही यंत्र नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या गावची नोंदवही मी मागितली, तेव्हा आधी कपाटाची किल्लीच सापडेना. सापडली तेव्हा नोंदवहीत आंबा, फणस, गाय, म्हैस. ती वही पुन्हा लिहा. लिहायला मी आहे, सांगायला धनगरमामा आहेत. नोंद पूर्ण होईपर्यंत सड्यावरच्या कुठल्याही कामाला ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय परवानगी देऊ नका. आणि याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळाची तरतूद आहे, तिच्याखाली निदान एका सड्याचा प्रस्ताव जिल्ह्यातून जावा.

गेल्या वर्षी लावलेल्या रोपांचं काय करायचं, तेही विचाराल. बहुतेक वाळलीत. काठ्या आणि पाट्या उभ्या आहेत, त्या काढून न्या. आळ्यांचे दगड मात्र ट्रॉलीत टाकू नका, आम्ही पोरांना घेऊन ते परत पसरतो. कुठला कुठे होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण सरडा निवडेल त्यातला बसायला.

ते वाक्य ज्यांनी म्हटलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना बोलावणं आहे. एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळी साडेआठ, देवळामागून वर जाणाऱ्या पाऊलवाटेच्या तोंडाशी मी थांबते. गाव कोणतं ते बैठकीच्या इतिवृत्तात आहे. तासभर एका जागी गप्प बसायची तयारी ठेवा. पाणी आणा, टोपी आणा. चपला घालून येऊ नका, कुसळं लागतात.

कळावे,
एक विज्ञान शिक्षिका
जि. सातारा